नीटिसहेडचं हवाई संरक्षण रडार संग्रहालय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये मुलांकडे आलेले आईवडील, शिकायला आलेले विद्यार्थी, सुट्टीत भटकणारी कुटुंबं अशा बऱ्याच जणांकडून या संग्रहालयाबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. मी तिथला कर्मचारी नाही, या विषयाचा जुना चाहता आहे. एखाद्या गोष्टीचा खुलासा दुसऱ्या उत्तरात असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे संग्रहालय नेमकं कशाचं, आणि आहे कुठे?

इंग्लंडच्या पूर्व भागात, नॉरफोक काउंटीत, नॉरिच शहराच्या ईशान्येला हॉर्निंग आणि नीटिसहेड या गावांजवळ आहे. रॉयल एअर फोर्सचं नीटिसहेड रडार स्थानक १९४१ साली, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना सुरू झालं. तिथल्या १९४२ सालच्या ऑपरेशन्स इमारतीत आज संग्रहालय आहे. १९९४ साली एका खोलीपासून सुरुवात झाली आणि मग एकेक दालन वाढत गेलं. ते स्वतंत्र धर्मादाय संस्थेकडे आहे आणि बहुतेक काम स्वयंसेवक करतात.

विषय हवाई संरक्षणाचा. आकाशात कोणीतरी येतंय हे कळायचं कसं, तो शत्रू की मित्र हे ठरवायचं कसं, आणि आपलं लढाऊ विमान वेळेत त्याच्यापर्यंत न्यायचं कसं, या तीन प्रश्नांची १९३५ पासून शीतयुद्धाच्या अखेरीपर्यंतची उत्तरं इथे पाहायला मिळतात.

२. तिथे विमानं बघायला मिळतात का?

रांगेत उभी असलेली विमानं डोळ्यांसमोर ठेवून जाणार असाल तर निराश व्हाल. जॅग्वार या लढाऊ विमानाचं कॉकपिट आहे. शेजारच्या कोल्टिशल तळावर २००६ पर्यंत जॅग्वार विमानं होती, त्या तळाच्या आठवणीही इथे जपल्या आहेत. भारतीय हवाई दलात हेच विमान ‘शमशेर’ नावाने ओळखलं जातं, त्यामुळे आपल्याकडची माणसं इथे हमखास रेंगाळतात. ब्लडहाउंड या विमानविरोधी क्षेपणास्त्राच्या यंत्रणेचीही ओळख होते.

पूर्ण विमानं बघायची असतील तर नॉरिच विमानतळाला लागून असलेल्या सिटी ऑफ नॉरिच एव्हिएशन म्युझियममध्ये जा. तिथे व्हल्कन बॉम्बर उभं आहे. मोठा पसारा हवा असेल तर केंब्रिजजवळचं डक्सफर्डचं विमान संग्रहालय आहेच. नीटिसहेडला मात्र विमानामागची माणसं आणि यंत्रणा समजतात, आणि माझ्या मते हवाई युद्धाचा अर्धा भाग तोच आहे. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. स्पिटफायर कुठे पाठवायचं हे कोणी ठरवलं, ते फार थोड्यांना ठाऊक असतं.

३. आत काय काय आहे? कोणत्या क्रमाने बघावं?

काळाच्या क्रमाने बघा. आधी रडारची सुरुवात आणि ब्रिटनच्या लढाईतली, म्हणजे १९४० मध्ये जर्मन हवाई दलाशी झालेल्या लढाईतली, फिल्टर रूम (प्रश्न ८), मग १९४२ ची रात्रीच्या लढाईची खोली (प्रश्न ७), मग रॉयल ऑब्झर्व्हर कोअरचं दालन, आणि शेवटी शीतयुद्धाचा ऑपरेशन्स कक्ष (प्रश्न ११). उलट क्रमाने गेलात तर मोठा कक्ष आधीच बघून होतो आणि लहान खोल्या फिक्या वाटतात. खरं तर मोठ्या कक्षात जे घडतं त्याचा पाया त्या लहान खोल्यांतच आहे.

ऑब्झर्व्हर कोअरचं दालन घाईत ओलांडू नका. अणुहल्ला झालाच तर जमिनीखालच्या छोट्या चौकीत तिघांनी बसून स्फोटाची दिशा आणि किरणोत्सार मोजायचा, हे काम साध्या नागरिकांनी स्वयंसेवक म्हणून पत्करलं होतं. स्फोट कुठे झाला हे टिपायचं उपकरण म्हणजे चारही दिशांना एकेक बारीक भोक आणि आत फोटोचा कागद असलेला डबा. लख्ख प्रकाशाने कागदावर डाग पडणार, आणि तो कागद काढून आणायला कोणीतरी शिडी चढून वर जाणार. त्या डब्यासमोर उभं राहिलं की ‘वर जाणारा तो कोण’ हा विचार डोक्यातून जात नाही.

४. लंडनहून जायचं कसं?

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून नॉरिचला थेट गाडी आहे, साधारण दोन तास लागतात. नॉरिचला शेरिंगहॅमकडे जाणारी छोटी गाडी पकडून होव्हटन अँड रॉक्सम स्टेशनवर उतरायचं. तिथून पुढे टॅक्सी. परतीची टॅक्सीही जातानाच ठरवून ठेवा, कारण संग्रहालय शेतांच्या मधोमध आहे आणि बाहेर पडून हात केला की गाडी मिळेल असा तो भाग नाही. स्टेशनवरून चालत जाण्याचा विचार करू नका. रस्ते अरुंद आहेत आणि बऱ्याच ठिकाणी पदपथ नाही. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर प्रश्नच मिटला.

५. कोणत्या दिवशी उघडं असतं? तिकीट आधी काढावं लागतं का?

रोज उघडं नसतं, आणि हिवाळ्यात बराच काळ बंद असतं. वार आणि वेळा हंगामानुसार बदलतात, म्हणून रेल्वेची तिकिटं काढण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर तारीख तपासा. कोणाच्या जुन्या प्रवासवर्णनावर विसंबून निघू नका. तिकिटाची सोयही तिथेच बघून घ्या.

६. रडार कसं चालतं हे माहीत नसेल तर कळेल का?

कळेल. एवढं लक्षात ठेवून जा : रेडिओ लहरींचा छोटा झोत सोडायचा आणि तो कशावर तरी आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. लहरी सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातात. झोत एका मिलिसेकंदात परत आला तर जाऊन-येऊन ३०० किलोमीटर, म्हणजे वस्तू १५० किलोमीटरवर. अंतर असं मिळतं. दिशा अँटेनावरून मिळते. उंची काढणं सर्वांत अवघड, आणि त्यासाठी पुढे वेगळी रडारं बांधावी लागली (प्रश्न १२).

७. १९४२ च्या खोलीत नक्की काय चालायचं?

ही खोली समजली की अख्खं संग्रहालय समजतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

१९४० मध्ये ब्रिटनकडे किनाऱ्यावर ‘चेन होम’ रडारची साखळी होती. ती समुद्राकडे तोंड करून उभी होती. शत्रूची विमानं किनारा ओलांडून आत आली की ती रडारांच्या पाठीमागे जात, आणि पुढचा माग ऑब्झर्व्हर कोअरची माणसं डोळ्यांनी आणि कानांनी काढत. दिवसा हे चालून गेलं, कारण वैमानिकाला काही मैलांच्या अंतरात आणून सोडलं की पुढचं तो स्वतः बघायचा. रात्री ते साफ कोलमडलं. लंडनवर बॉम्ब पडत होते आणि लढाऊ विमानं काळोखात नुसती फिरत होती.

विमानातही छोटं रडार बसवलं होतं. पण त्याच्या लहरी जमिनीवरूनही परत येत आणि त्या गोंगाटात बाकी सगळं बुडून जाई. परिणाम असा की विमान जेवढ्या उंचीवर, जेमतेम तेवढ्याच अंतरापर्यंत त्याला दिसे. १५ हजार फुटांवर असाल तर फार तर ३ मैल. म्हणजे कोणीतरी जमिनीवरून त्या विमानाला शत्रूच्या मागे, योग्य उंचीवर, ३ मैलांच्या आत नेऊन ठेवायला हवं होतं.

ते काम नीटिसहेडसारख्या स्थानकांचं. अँटेना गोल फिरू लागली आणि तिच्याबरोबर पडद्यावर एक रेषा फिरू लागली. मध्यबिंदूवर स्थानक, भोवती नकाशासारखं आकाश. आपलं विमान आणि शत्रूचं विमान, दोन्ही ठिपके एकाच पडद्यावर. कंट्रोलर रेडिओवर वैमानिकाला दिशा, उंची, वेग सांगत राहायचा, ठिपके जवळ आणायचा, आणि विमानातल्या रडारवाल्याला ‘दिसला’ असं म्हणता आलं की त्याचं काम संपायचं. एका वेळी एकच पाठलाग, कारण तेवढंच माणसाच्या आवाक्यात होतं. पडद्यासमोर उभं राहून हे ऐकताना घड्याळ बघा. पुढची सूचना सुचायला तुम्हाला किती सेकंद लागतात ते मोजा.

८. टेबलावरच्या बाणांचे रंग वेगवेगळे का, आणि भिंतीवरच्या घड्याळावर रंगीत त्रिकोण कसले?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं, कारण बरेच जण ते शोभेचं समजून पुढे जातात.

घड्याळाची तबकडी पाच-पाच मिनिटांच्या त्रिकोणांत विभागलेली असते. लाल, पिवळा, निळा, पुन्हा लाल, असे रंग. नकाशावर शत्रूची जागा दाखवणारा बाण ठेवताना मिनिटकाटा ज्या रंगात असेल त्याच रंगाचा बाण ठेवायचा. वर गॅलरीत बसलेला अधिकारी नुसत्या नजरेने सांगू शकतो की ही माहिती ताजी आहे की दहा मिनिटांची शिळी. दहा मिनिटांत बॉम्बर ३०-४० मैल पुढे निघून जातो, म्हणून शिळी माहिती चुकीच्या माहितीइतकीच घातक. संगणक नसताना माहितीचं वय रंगाने दाखवायची ही युक्ती मला त्या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

फिल्टर रूम ही त्याच्या आधीची पायरी. वेगवेगळ्या स्थानकांकडून शत्रूच्या विमानांच्या एकाच टोळीबद्दल थोडी थोडी वेगळी माहिती यायची. तिची छाननी करून एकच खरा मार्ग ठरवायचा, आणि मगच तो पुढे पाठवायचा. ब्रिटनच्या लढाईत ही मुख्य खोली लंडनजवळ बेंटली प्रायरी इथे होती आणि ही सारी घडी ब्रिटनच्या लढाऊ विमानदलाचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांच्या देखरेखीखाली बसली.

९. जुन्या फोटोंत इतक्या तरुण मुली कशा?

त्या वुमेन्स ऑक्झिलिअरी एअर फोर्सच्या मुली. जून १९३९ मध्ये हे दल उभं राहिलं आणि रडारच्या पडद्यासमोर, टेलिफोनवर, नकाशाच्या टेबलाभोवती त्यांनी युद्धभर काम केलं. काम फक्त काठीने बाण सरकवण्याचं नव्हतं. सुरुवातीच्या रडारवर पडदा म्हणजे एक आडवी थरथरती रेषा, आणि विमान म्हणजे त्या रेषेतला खाली गेलेला खड्डा. त्या खड्ड्याच्या हलण्यावरून विमानं ३ आहेत की ३० हा अंदाज ऑपरेटरला बांधावा लागे.

१८ ऑगस्ट १९४० रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या पोलिंग गावाच्या रडार स्थानकावर बॉम्ब पडत असताना कॉर्पोरल एव्हिस हर्न टेलिफोन सोडून हलल्या नाहीत आणि माहिती देत राहिल्या. त्यांना मिलिटरी मेडल मिळालं.

१०. ब्रिटिश वैमानिकांना गाजरं खाल्ल्यामुळे रात्री दिसायचं, हे खरं का?

नाही. ‘मांजराच्या डोळ्यांचा’ म्हणून गाजलेले जॉन कनिंगहॅम यांनी रात्री एकामागून एक विमानं पाडली, तेव्हा त्यांच्या तीक्ष्ण नजरेच्या आणि गाजरांच्या गोष्टी लोकांत पसरल्या आणि सरकारने त्या पसरू दिल्या. खरं कारण प्रश्न ७ मध्ये आहे : विमानातलं रडार, ते हाताळणारे त्यांचे सहकारी जिमी रॉन्स्ली, आणि जमिनीवरचा कंट्रोलर. गाजरातलं अ जीवनसत्त्व डोळ्यांना हवंच असतं, पण त्याने काळोखात तीन मैलांवरचं विमान दिसत नाही.

११. शीतयुद्धाचा कक्ष खरा आहे की नंतर उभारलेला?

खरा. १९९३ पर्यंत रॉयल एअर फोर्स इथून काम करत होतं. बाहेर पडताना खोली बरीचशी जशीच्या तशी राहिली, म्हणून तिथे सजावटीचा वास येत नाही. कन्सोलच्या रांगा, टेलिफोन, समोरचा मोठा फलक, सगळं कामाचं.

उत्तर समुद्रावरून सोव्हिएत ‘तू-९५’ जातीची लांब पल्ल्याची बॉम्बर विमानं येत. रडारवर ठिपका दिसला की आधी तो नोंदवलेल्या उड्डाणाशी जुळतो का ते बघायचं, मग त्याच्याकडून ओळखीचा रेडिओ संकेत येतो का ते तपासायचं. दोन्ही नसेल तर सज्ज ठेवलेली लढाऊ विमानं वर पाठवायची. आधी लाइटनिंग, मग फँटम, मग टोर्नेडो. ही सज्जता आजही आहे, विमानं कॉनिंग्सबी आणि लॉसीमथ तळांवरून उडतात.

इथलं प्रात्यक्षिक चुकवू नका. खोली नुसती बघितली तर ती जुन्या यंत्रांची खोली आहे. प्रात्यक्षिकात निर्णयाची वेळ किती कमी होती ते अंगावर येतं.

१२. बाहेर उभी असलेली ती प्रचंड अँटेना कसली?

टाइप ८४ रडारची. मार्कोनी कंपनीचं हे रडार १९६० च्या दशकात उभं राहिलं, १९९४ मध्ये थांबलं, आणि आता या जातीचं हे एकच उरलं आहे. त्याला वारसा म्हणून कायद्याचं संरक्षण आहे. अँटेनाची रुंदी सुमारे १८ मीटर. फोटोत हे कळत नाही, खाली उभं राहिल्यावर कळतं.

हे रडार अंतर आणि दिशा सांगायचं. उंचीसाठी वेगळी रडारं असत, ती गोल फिरण्याऐवजी वर-खाली मान हलवत. ताकद एवढी मोठी ठेवण्यामागे एक कारण होतं : १९५० च्या दशकात रडार आंधळं करणारी नवी उपकरणं आली आणि जुनी रडारं त्यांच्यापुढे टिकणार नाहीत हे दिसू लागलं.

१३. इथे आग लागून माणसं दगावली होती म्हणतात. तो बंकर बघता येतो का?

बघता येत नाही, तो संग्रहालयाचा भाग नाही. १९५० च्या दशकात जमिनीखाली बांधलेल्या त्या बंकरमध्ये १६ फेब्रुवारी १९६६ रोजी आग लागली. खोल, बिनखिडक्यांची जागा, धुराला बाहेर पडायला वाट नाही. ती विझवायला गेलेले तीन नागरी अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. आग नऊ दिवस धुमसत होती. पुढे तळावरच्याच एका सैनिकाला ती लावल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. या आगीमुळे स्थानकाचं काम काही वर्षं बंद राहिलं आणि १९७४ मध्ये जमिनीवरच्या इमारतीतून पुन्हा सुरू झालं. तिथे गेलात तर या तिघांबद्दल स्वयंसेवकांना जरूर विचारा. युद्ध नसतानाही हे काम जीवघेणं होतं.

१४. रडारचा शोध ब्रिटिशांनी लावला ना? मग जर्मनांकडे रडार नव्हतं का?

दोन्ही समजुती दुरुस्त करायला हव्यात. जहाजावरून परतणाऱ्या रेडिओ लहरी ओळखण्याचं यंत्र ख्रिस्तियान ह्युल्समायर या जर्मन माणसाने १९०४ मध्येच दाखवलं होतं. १९३० च्या दशकात अनेक देश एकाच वेळी या मागावर होते. ब्रिटनमध्ये रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्रीजवळ प्रयोग केला. बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या लहरी हेफर्ड बॉम्बरवरून परत येतात हे त्यांनी दाखवून दिलं.

जर्मनांकडे फ्राया आणि वुर्त्सबुर्ग ही उत्तम रडारं होती. काही बाबतींत ती चेन होमपेक्षा सरस होती. वुर्त्सबुर्गचे भाग हाती लागावेत म्हणून ब्रिटिशांनी फेब्रुवारी १९४२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर ब्रुनेवालला छत्रीधारी सैनिक उतरवले. १९४० मध्ये ब्रिटनचं पारडं जड झालं ते यंत्रामुळे नव्हे, तर प्रश्न ८ मधल्या व्यवस्थेमुळे. रडार, टेलिफोन, छाननी, नकाशा, वैमानिक, हे सगळे दुवे काही मिनिटांत जुळत होते.

१५. लहान मुलं कंटाळतील का? आणि वयस्कर आईवडील?

साधारण आठ वर्षांपुढची मुलं रमतात, विशेषतः कॉकपिटपाशी आणि प्रात्यक्षिकात. त्याहून लहान असतील तर एकाने त्यांना घेऊन बाहेर फिरावं आणि पाळी लावावी. वयस्कर मंडळींना बरंच उभं राहावं लागतं, म्हणून मधे बसत बसत बघा. व्हीलचेअर लागणार असेल तर आधी फोन करून कळवा. कॉकपिटमध्ये चढणं गुडघेदुखी असलेल्यांना जमणार नाही. एकूण वेळ तीन ते चार तास धरा.

१६. स्वयंसेवकांशी बोलायला संकोच वाटतो. इंग्रजी फार चांगलं नाही. काय करावं?

तरीही बोला. त्यांतले बरेच जण निवृत्त हवाई दलातले आहेत, काहींनी अशाच पडद्यांसमोर नोकरी केली आहे. ‘तुम्ही इथे काय काम करायचात?’ एवढा एक प्रश्न पुरतो. नॉरफोकचे उच्चार सुरुवातीला कळत नाहीत, ‘जरा सावकाश सांगा’ म्हटलं तर कोणी वाईट वाटून घेत नाही. फलक वाचून जे मिळतं त्याच्या दुप्पट या गप्पांतून मिळतं, आणि ही पिढी वयाने वाढत चालली आहे.

१७. फोटो काढले तर चालतात का? ड्रोन?

स्वतःसाठी फोटो काढायला सहसा हरकत नसते, तरी प्रवेशापाशी विचारून घ्या. अंधाऱ्या खोलीत प्रात्यक्षिक चालू असताना फ्लॅश वापरू नका, पडद्यावरचं काही दिसेनासं होतं. ड्रोन अजिबात नको. कुंपणाबाहेरच्या जुन्या इमारती दुसऱ्यांच्या मालकीच्या आहेत, तिथे शिरू नका.

१८. एवढ्या शक्तिशाली रडारजवळ उभं राहणं धोक्याचं नाही का? माझ्या छातीत पेसमेकर आहे.

टाइप ८४ १९९४ पासून बंद आहे. बंद रडारमधून लहरी बाहेर पडत नाहीत, आणि त्या लहरी धातूत किंवा भिंतीत साठूनही राहत नाहीत. चालू असताना काळजी घ्यावी लागे, कारण तीव्र झोताने शरीर तापतं आणि प्रक्षेपकाच्या उच्च विद्युतदाबाच्या नळ्यांतून क्ष-किरणही निघू शकतात. तेही यंत्र बंद केलं की संपतं. पेसमेकर असेल तर प्रात्यक्षिकाच्या खोलीत शिरताना तेवढं सांगून ठेवा, जुन्या विजेच्या उपकरणांना खेटून उभे राहू नका.

१९. बॉडसीचं रडार संग्रहालय आणि हे, दोन्ही एकाच दिवसात होतील का?

करू नका. बॉडसी सफोक काउंटीत, डेबन नदीच्या मुखाशी आहे. दोन्हीकडचे उघडे दिवस जुळले तरी गाडीतच अर्धा दिवस जाईल. मात्र वेगळ्या दिवशी जरूर जा. डॅव्हेंट्रीच्या प्रयोगानंतरचं (प्रश्न १४) संशोधन १९३६ मध्ये तिथल्या हवेलीत हललं आणि १९३७ मध्ये चेन होमचं पहिलं स्थानक तिथे कार्यरत झालं. प्रक्षेपकाच्या मूळ इमारतीतच आता संग्रहालय आहे. शक्य असेल तर आधी बॉडसी आणि मग नीटिसहेड असा क्रम ठेवा. फेलिक्सस्टो फेरीहून छोट्या होडीने नदी ओलांडून जाता येतं, पण होडी बारमाही नसते. हिवाळ्यात जाणार असाल तर गाडीचा रस्ता धरा.